टाकीच्या तळाचा काळा गाळ

सराफकट्ट्यावरची केराची माती धुऊन सोन्याचे कण काढणारे झारेकरी आपल्याला ठाऊक आहेत. तांब्याच्या धंद्यातही असंच धुणं चालतं, फक्त तिथे माती म्हणजे विजेच्या टाकीत तळाशी साचलेला काळा गाळ. कारखान्यात त्याला अ‍ॅनोड स्लाइम म्हणतात.

तांब्यात चांदी दडलेली असते हे युरोपातल्या धातुकारांना पंधराव्या शतकातच कळलं होतं. ते तांबं शिशाबरोबर वितळवत. चांदीचा ओढा शिशाकडे, ती त्यात उतरे. मग तो गोळा बेताने तापवला, की शिसं चांदीला घेऊन ओघळून जाई आणि तांबं मागे राही. अ‍ॅग्रिकोलाच्या धातुविद्येवरच्या १५५६ सालच्या ग्रंथात ही रीत सविस्तर सांगितली आहे. मात्र तिला शिसं आणि कोळसा भरपूर लागे.

वाट बदलली ती बर्मिंगहॅमच्या एल्किंग्टन घराण्यामुळे. विजेने मुलामा चढवणं हा त्यांचा धंदा. जेम्स एल्किंग्टनने १८६५ साली तीच विद्या तांबं शुद्ध करायला वापरून पेटंट घेतलं, आणि १८६९ मध्ये वेल्समधल्या पेम्ब्रीला कारखाना उभा राहिला. मोरचूद आणि गंधकाम्लाच्या द्रावणात अशुद्ध तांब्याची जाड पाटी धनाग्र, म्हणजे अ‍ॅनोड, म्हणून टांगायची, समोर शुद्ध तांब्याचा पातळ पत्रा. वीज सोडली की तांबं इकडून विरघळून तिकडे जाऊन बसतं. लोखंड, निकेल द्रावणातच राहतात. सोनं-चांदी मात्र एवढ्या कमी दाबाच्या विजेला दाद देत नाहीत. आधार सुटला की खाली पडतात. मला या रीतीचं फार अप्रूप वाटतं: टाकी चालते तांब्यासाठी, आणि सोनं आपसूक वेगळं होतं.

याच गाळात सेलेनियम आणि टेल्युरियम ही मूलद्रव्यंही सापडतात. सेलेनियमची पहिली ओळख १८१७ साली स्वीडनमध्ये पटली, तीही तांब्याच्याच उष्ट्यातून. फालुनच्या तांब्याच्या खाणीतलं गंधकयुक्त खनिज जाळून ग्रिप्सहोमला आम्ल करत, तेव्हा तांबूस साका बसे. तापवल्यावर त्याला मुळ्याचा वास येई, आणि तो वास टेल्युरियमची खूण समजला जाई, म्हणून रसायनशास्त्रज्ञ बर्झेलियसला आधी तो टेल्युरियमच वाटला.

आज टेल्युरियमला सौरपत्र्यांसाठी मागणी आहे, आणि तो मुख्यतः या गाळातूनच मिळतो. पण काही खाणींवर आता भट्टी न लावता खनिजावर आम्ल शिंपडून तांबं काढतात. तिथे हा गाळ तयारच होत नाही, आणि टेल्युरियम दगडातच राहून जातो.