चांदा परिसरातील लोहप्रगलन : क्षपणक, अभिवाह आणि धातुमळी

प्रस्तावना

अहमदनगर (अहिल्यानगर) जिल्ह्यातील दायमाबाद येथे १९७४ साली सापडलेल्या ब्राँझ शिल्पांमुळे दख्खनमधील प्राचीन धातुकामाकडे अभ्यासकांचे लक्ष वेधले गेले. तथापि, बेसाल्टच्या या प्रदेशात लोहखनिजाचे मोठे साठे नसल्याने महाराष्ट्रातील लोहप्रगलनाच्या अभ्यासासाठी विदर्भाकडे वळावे लागते. जुन्या चांदा जिल्ह्यात विपुल खनिज असूनही एकोणिसाव्या शतकात आधुनिक लोहउद्योग का उभा राहिला नाही, याचे उत्तर बहुधा वसाहतवादी धोरणात शोधले जाते. ते उत्तर अपुरे असून भट्टीतील रसायनाचाही विचार आवश्यक आहे, असे प्रस्तुत लेखाचे प्रतिपादन आहे.

पारंपरिक भट्टी

खनिजातील ऑक्सिजन काढून घेणारा पदार्थ म्हणजे क्षपणक. अशुद्धी वितळण्यास साहाय्य करणारा तो अभिवाह. आणि वेगळा होणारा मळ ती धातुमळी. नागपूर जिल्ह्यातील नायकुंड येथील महापाषाणीय वसाहतीच्या उत्खननात लोहप्रगलनाची भट्टी व धातुमळी मिळाली. अशा भट्ट्यांत लोणारी कोळसा हाच क्षपणक असे. त्यात राख अल्प आणि गंधक जवळजवळ नसल्याने लोखंड उत्तम प्रतीचे निघे. मात्र चुनखडी न वापरल्यास लोह ऑक्साइडचाच काही भाग सिलिकेशी संयोग पावून सुमारे १२०० अंश सेल्सिअसला वितळणारी धातुमळी बनते. म्हणजे अभिवाहाचे काम लोहखनिजच करी आणि त्यातील बरेचसे लोह मळीत वाया जाई. झोतभट्टीत चुनखडी घालून ही हानी टाळता येते. परंतु त्यासाठी अधिक तापमान आणि खनिजाचा भार पेलणारा कठीण कोक लागतो.

वरोऱ्याच्या कोळशाची चाचणी

१८८२ साली जमशेटजी टाटा यांच्या वाचनात रिटर फॉन श्वार्ट्स यांचा चांदा जिल्ह्यातील लोहखनिजाविषयीचा अहवाल आला. लोहारा येथील समृद्ध खनिज आणि जवळच वरोऱ्याचा कोळसा, असा हा योग होता. जमशेटजींनी वरोऱ्याच्या कोळशाची जर्मनीत चाचणी करविली. तो अयोग्य ठरला. वर्धा खोऱ्यातील कोळशापासून झोतभट्टीस योग्य कोक बनत नाही, हे त्यामागील मूळ कारण होय. तत्कालीन खाणविषयक जाचक नियमांनीही उद्योगास वाव दिला नाही. १८९९ साली हे नियम शिथिल झाले, तरी कोळशाचा गुणधर्म बदलणार नव्हता. पुढे टाटांचा कारखाना मयूरभंजचे खनिज व झरियाचा कोकयोग्य कोळसा यांच्या आधारे साकची येथे उभा राहिला आणि १९११ साली तेथे कच्चे लोखंड निघू लागले.

पर्यायी क्षपणकाचा मार्ग

विसाव्या शतकाच्या उत्तरार्धात फिरत्या भट्टीतील स्पंज आयर्नच्या पद्धतीने हे समीकरण बदलले. या पद्धतीत खनिज न वितळता घन अवस्थेतच त्याचे क्षपण होते. कोक न बनणारा कोळसा क्षपणक म्हणून चालतो, तर गंधक शोषण्यासाठी डोलोमाइट घालतात. चंद्रपूर जिल्ह्यातील घुग्गुस येथे असा कारखाना उभा राहिला.

निष्कर्ष

धोरण शिथिल होऊनही टाटांचा उद्योग चांद्यात आला नाही. तंत्र बदलल्यावर मात्र त्याच खोऱ्यात कोळशावर आधारित लोहनिर्मिती शक्य झाली. यावरून धोरण आणि पदार्थ या दोहोंचा एकत्रित विचार केल्यावाचून औद्योगिक इतिहासाचे आकलन पूर्ण होत नाही, हे स्पष्ट होते. जुन्या भट्ट्यांची धातुमळी ही टाकाऊ वस्तू नसून दप्तराइतकेच विश्वसनीय साधन आहे. इतिहास व रसायनशास्त्र या विभागांनी तिची नोंद व पृथक्करण संयुक्तपणे हाती घेणे अगत्याचे आहे.