वाळूतलं वर्तुळ आणि साखळ्यांची टोपली

डिस्क गोल्फचा इतिहास सांगायचा म्हटलं की बहुतेक जण कॅलिफोर्नियापासून सुरुवात करतात. आपण मात्र कॅनडातल्या एका शाळेच्या मैदानापासून करू. सस्कॅचेवान प्रांतात ब्लॅडवर्थ नावाचं छोटंसं गाव आहे. १९२६ साली तिथल्या प्राथमिक शाळेत रोनाल्ड गिब्सन आणि त्याचे सोबती डब्यांची पत्र्याची झाकणं फेकून खेळत. शाळेच्या आवारात वाळू असेल तिथं चार-चार फुटी वर्तुळं आखायची आणि झाकण त्यांत टाकायचं. खेळाचं नाव 'टिन लिड गोल्फ', म्हणजे झाकणांचं गोल्फ. पुढं मुलं मोठी झाली, पांगली, आणि खेळही थांबला.

का थांबला? आमचं उत्तर असं, की झाकण घरोघरी होतं, पण वर्तुळ वाळूत होतं. आता कुणी म्हणेल, विटी-दांडूची गलसुद्धा दरवेळी नव्यानं खणावी लागतेच की! बरोबर. पण ती खणणारी पोरं गावोगाव होती. ब्लॅडवर्थचा खेळ एकाच शाळेतला.

यानंतर चकती सुधारत गेली. फ्रेड मॉरिसननं सॅन्टा मोनिकाच्या किनाऱ्यावर केकची पत्र्याची भांडी उडवायला म्हणून विकली, मग प्लॅस्टिकची चकती केली, १९५७ मध्ये ती व्हॅम-ओ कंपनीकडं गेली आणि 'फ्रिस्बी' झाली. हा भाग सर्वांना ठाऊक असतो, म्हणून आम्ही त्यात फार रेंगाळत नाही.

लक्ष्य मात्र अजून जुगाडाचंच होतं. झाड, खांब, कचऱ्याचं पिंप, काहीही. १९६५ साली जॉर्ज सॅपनफिल्ड हा कॉलेजचा विद्यार्थी उन्हाळ्याच्या सुट्टीत मुलांच्या मैदानावर काम करत होता. त्यानं मुलांना फ्रिस्बीनं गोल्फ खेळायला लावलं. म्हणजे पुन्हा मुलं, पुन्हा मैदान, आणि पुन्हा तीच अडचण: सुट्टी संपली की सगळं आवरायचं.

ही अडचण सोडवली ती एड हेड्रिकनं. ब्लॅडवर्थची मुलं झाकणं फेकत होती तेव्हा हा गृहस्थ दोन वर्षांचा होता! १९७५ मध्ये लॉस एंजेलिसजवळच्या ला कन्याडा गावी, ओक ग्रोव्ह पार्कमध्ये त्यानं पहिला कायमस्वरूपी कोर्स उभारला. सुरुवातीला तिथंही नुसते खांबच होते. पण चकती खांबाला लागली की निसटून गेली, हे लांबून कसं ठरवायचं? तेव्हा हेड्रिक आणि त्याचा मुलगा केन यांनी खांबाभोवती साखळ्या सोडल्या आणि खाली टोपली बसवली. साखळ्या चकतीचा वेग शोषतात, चकती टोपलीत पडते आणि खणखणाट होतो. वादच मिटला. याचं पेटंट १९७७ मध्ये मिळालं. त्याच्या आदल्याच वर्षी, १९७६ ला, हेड्रिकनं व्यावसायिक खेळाडूंची संघटनाही काढली होती.

आम्हाला विचाराल तर डिस्क गोल्फचा खरा शोध चकती नव्हे, टोपली आहे.

शाळेच्या आवारातल्या आखूड कोर्सवर हे चांगलं कळतं. तिथं अठराऐवजी सहा किंवा नऊ टोपल्या असतात. पहिल्या फेकीपासून टोपली बहुधा पन्नास-साठ मीटरवर, आणि तिथं पोचायला तीन फेकी अपेक्षित. चकती जिथं पडली तिथून पुढची फेक. ज्याची चकती टोपलीपासून सर्वांत लांब, तो आधी फेकणार. टोपलीपासून दहा मीटरच्या आत आलात की फेकल्यावर तोल सावरेपर्यंत पाऊल पुढं टाकायचं नाही. इतकं सांगितलं की चौथीतलं पोरही खेळायला लागतं. अंतर कमी असल्यामुळं दंडातल्या ताकदीला फार भाव नाही. मनगटाची लकब लागते, वारा बघावा लागतो. दहावीतला दांडगा मुलगा इथं पाचवीतल्या मुलीकडून हरू शकतो, आणि ते बघायला मजा येते.

शाळा विकत घेताना मात्र पुष्कळदा हलवता येणारी टोपली निवडतात. स्वस्त पडते, मैदान मोकळं राहतं, हे खरं. पण ती कोठीच्या खोलीत जाते, आणि बाहेर काढायची की नाही हे एका शिक्षकाच्या उत्साहावर ठरतं. त्यांची बदली झाली की संपलं. आमचा सल्ला साधा आहे: नऊ परवडत नसतील तर तीनच घ्या, पण काँक्रीटमध्ये रोवा. तीन टोपल्यांना तीन वेगवेगळ्या जागांवरून फेकलं की नऊ होतातच.