पॉलिएस्टरला रंग का चढेना?

'टेरिलिनचा शर्ट', 'टेरिकॉटची पँट' हे शब्द आजोबांच्या तोंडून ऐकले असतील ना? आजचा भाग त्या टेरिलिनच्या रेणूबद्दल आहे. घाबरू नका, फॉर्म्युला एकही नाही.

तर १९३० साली अमेरिकेत ड्युपाँट कंपनीत वॉलेस कॅरोथर्सच्या हाताखाली ज्युलियन हिल काम करत होता. त्याने वितळलेल्या पॉलिएस्टरमधून धागा ओढला. थंड झाल्यावर तो परत ताणला, तर तो चक्क आणखी मजबूत झाला! कारण विस्कटलेल्या लांब साखळ्या ताणामुळे एका दिशेने रांगेत लागतात. पण हे पॉलिएस्टर १०० अंशांच्या आतच वितळायचं. म्हणजे इस्त्री लावली की शर्ट गेला. कॅरोथर्सने ते बाजूला ठेवलं, पुढे नायलॉन केलं आणि १९३७ मध्ये त्याने आयुष्य संपवलं.

१९४१ मध्ये इंग्लंडमध्ये व्हिनफिल्ड आणि डिक्सन यांनी एकच घटक बदलला. लवचिक आम्लाच्या जागी टेरेफ्थॅलिक आम्ल घेतलं. त्यात एक कडक बेंझिन कडं असतं आणि त्याची जोडणी बरोबर समोरासमोरच्या टोकांना असते. त्यामुळे साखळी सरळ राहते, शेजारच्या साखळीला नीट चिकटून बसते, आणि वितळणबिंदू थेट २६० अंशांच्या आसपास जातो. हेच टेरिलिन. अमेरिकेत त्याचं नाव डेक्रॉन.

पण जी घट्ट रचना धाग्याला ताकद देते, तीच रंगाला आत शिरू देत नाही. सुती कापडासारखा रंग चढवायला गेलात तर तो वरच्यावर धुऊन जातो. रंगाचे कण आत ढकलायला बंद भांड्यात, दाबाखाली, १३० अंशांच्या आसपासचं पाणी लागतं. किंवा मग 'कॅरिअर' नावाची वासाची रसायनं. रंगारी वैतागणारच.

यावर ड्युपाँटच्या ग्रिफिंग आणि रेमिंग्टन यांनी तोडगा काढला, त्याचं पेटंट १९६२ मध्ये मिळालं. साखळीत अगदी थोड्या प्रमाणात, म्हणजे शंभरात दोनेक, असं आम्ल मिसळायचं ज्याला सल्फोनेटचं ऋणभारित शेपूट आहे. धनभारित रंग त्या शेपटाला जाऊन चिकटतात, आणि रंग झळझळीत येतात. शिवाय या आम्लाची जोडणी समोरासमोर नसून तिरकी असते. सरळ रांगेत एक वाकडा माणूस उभा राहिला की रांग सैलावते, तसं स्फटिकी रचना बिघडते आणि रंगाला वाट मिळते.

आमच्या कोडिंगमध्ये एक ओळ बदलली की भलतीकडेच काहीतरी मोडतं, तसं इथेही झालं. हे भारित गट एकमेकांना धरून ठेवतात, त्यामुळे वितळलेला रस फार दाट होतो आणि बारीक भोकांतून नीट बाहेर येत नाही. मग साखळ्याच आखूड ठेवाव्या लागतात, आणि धागा कमजोर होतो.

गंमत म्हणजे कमजोरीचाही फायदा झाला. पॉलिएस्टरच्या कपड्यावर बारीक गोळे येतात ना, ते साध्या धाग्यात तंतू मजबूत असल्यामुळे लटकत राहतात. इथे ते तुटून पडतात. आणि साधा तंतू व हा बदललेला तंतू एकत्र विणून एकाच रंगपात्रात घातले, तर दोन वेगळ्या छटा मिळतात. टी-शर्टांवर जो ठिपक्याठिपक्यांचा मेलांज दिसतो, तो करायची एक पद्धत हीच.