रेडिओ-चर्चामंडळे, महापाठ्यक्रम आणि वडसा

एका शिक्षकाने सहस्रावधी लोकांस एकाच वेळी विनामूल्य शिकवावे, ही कल्पना संगणकाबरोबर जन्मास आली असे हल्ली गृहीत धरले जाते. महाराष्ट्रापुरते तरी ते खरे नाही. १९५६ साली आकाशवाणीच्या पुणे केंद्राने युनेस्कोच्या साह्याने पाच जिल्ह्यांतील सुमारे १५० खेड्यांसाठी २० कार्यक्रमांची माला ध्वनिक्षेपित केली. गावोगावी चर्चामंडळे स्थापन झाली. मंडळी कार्यक्रम ऐकत, त्यावर चर्चा करीत आणि आपल्या शंका केंद्राकडे पाठवीत. टाटा समाजविज्ञान संस्थेच्या वतीने पॉल न्यूराथ यांनी या प्रयोगाचे मूल्यमापन केले. केवळ रेडिओ असलेल्या गावांपेक्षा चर्चामंडळांच्या गावांत ज्ञानवृद्धी पुष्कळ अधिक आढळली. ध्वनिक्षेपण दोहोंकडे पोचू शकत होते, ही गोष्ट येथे ध्यानात घेण्याजोगी आहे.

पुढे १९८९ साली नाशिक येथे यशवंतराव चव्हाण महाराष्ट्र मुक्त विद्यापीठ स्थापन झाले आणि अभ्यासकेंद्रांच्या द्वारा तोच धागा पुढे गेला. स्टॅनफर्डच्या थ्रुन व नॉर्व्हिग यांच्या २०११ मधील पाठ्यक्रमास सुमारे १,६०,००० जणांनी नावे नोंदविली. शेवटपर्यंत टिकले सुमारे २३,०००. भारतात 'स्वयम्' २०१७ साली सुरू झाले. २०२१ च्या नियमांनी एका सत्रातील ४० टक्क्यांपर्यंत श्रेयांक या मार्गाने मिळविण्याची मुभा दिली.

वडसा येथे ही मुभा कोणत्या स्वरूपात पोचते, हा खरा प्रश्न होय. वैनगंगेच्या काठचे हे गाव गोंदिया-बल्लारशाह लोहमार्गावर असल्याने अरण्यप्रदेशाचे प्रवेशद्वार ठरले. १९८२ पर्यंत हा भाग चंद्रपूर जिल्ह्यात होता. स्वतंत्र गोंडवाना विद्यापीठ मिळण्यास २०११ साल उजाडावे लागले. अशा प्रदेशात विनामूल्य पाठ्यक्रमाचे आश्वासन लहान नव्हे. जो विषय जवळच्या महाविद्यालयात शिकविलाच जात नाही, तो आयआयटीच्या प्राध्यापकाकडून ऐकावयास मिळतो.

तथापि अडचण केवळ तारांची व यंत्रांची नाही. वडसा परिसराची बोली झाडी. तीत 'पाणी'चे 'पानी' होते. कोरचीकडे छत्तीसगढी, दक्षिणेस माडिया, आणि माडिया तर द्राविड कुळातील. माडिया घरातील विद्यार्थ्यास प्रमाण मराठी हीच शाळेत शिकलेली परभाषा. पाठ्यक्रमाची इंग्रजी त्यापुढची. काही पाठांची मराठी भाषांतरे झाली आहेत हे स्तुत्य; परंतु संस्कृतप्रचुर परिभाषेने इंग्रजीचा अडसर काढून दुसरा बसविल्यासारखे होते.

लोकसमुदायास तासन् तास खिळवून ठेवण्याची विद्या वडसा येथे अपरिचित नाही. झाडीपट्टी रंगभूमीच्या नाटकमंडळ्यांचे हे केंद्र. दिवाळीनंतर त्यांचे प्रयोग रात्रभर चालतात आणि प्रेक्षक पहाटेपर्यंत बसतात. त्यासाठी कोणी श्रेयांक देत नाही! प्रेक्षक गावाने एकत्र येऊन बसतो. पाठ्यक्रमाचा विद्यार्थी मात्र भ्रमणध्वनीसमोर एकटा असतो.

'स्वयम्'विषयक नियमांत महाविद्यालयाने एक अध्यापक मार्गदर्शक म्हणून नेमावा अशी तरतूद आहे. १९५६ च्या चर्चामंडळाचा जो काही अंश नव्या योजनेत उरला आहे तो या एका कलमात. त्या अध्यापकाने शंका कोणत्या भाषेत ऐकाव्यात, याविषयी मात्र कलम मौन धरते.