टोपली उतरल्यानंतर

धारचे आणि देवासच्या थोरल्या-धाकट्या पातीचे पवार १९४८ साली मध्यभारतात विलीन झाले. राज्यघटनेने अस्पृश्यताही नष्ट केली. राजमुकुट उतरले, मैल्याची टोपली मात्र डोक्यावरच राहिली. १९९३ चा बंदीचा कायदाही तिला पुरा पडला नाही. देवासला २००० साली आशिफ शेख यांनी ‘जनसाहस’ ही संस्था स्थापिली. टोपली टाकलेल्या स्त्रियांची मुक्तियात्रा नोव्हेंबर २०१२ मध्ये भोपाळहून निघाली. २०१३ साली अधिक कडक कायदा झाला. परंतु अत्याचारपीडितेची सोबत करण्यास दया पुरत नाही, ते शिकावे लागते. फिर्याद तिच्याच शब्दांत नोंदवून घेणे, उलटतपासणीपूर्वी न्यायालयाची रीत समजावणे, तारखेमागून तारीख पडली तरी तिच्याशेजारी बसणे. पूर्वी टोपली वाहिलेल्या काही स्त्रियाही हे काम शिकल्या.