विद्युत्-गिटारीचा मूक रियाज

विद्युत्-गिटारीचा जन्मच मुळीं मोठ्या आवाजासाठीं झाला. अमेरिकेंतील नृत्यशालांत तुताऱ्या व ढोल यांच्या गदारोळापुढें साध्या गिटारीचा स्वर ऐकूंच येत नसे. तेव्हां लॉस एंजेलीस येथें १९३१ सालीं जॉर्ज बीचम यानें, लोहचुंबक व तारेचें वेटोळें यांच्या साहाय्यानें, तारांचें कंपन विद्युत्प्रवाहांत बदलण्याची युक्ति योजिली. हा प्रवाह अतिक्षीण; त्यास बळ देण्यासाठीं अँप्लिफायर, म्हणजे ध्वनिवर्धक, जोडावा लागे. जुन्या रेडिओंत असत तशाच काचेच्या नळ्या त्यांतही असत.

येथें एक नवल घडलें. नळीवर तिच्या शक्तीबाहेर भार टाकला म्हणजे ध्वनिलहरींचे माथे सपाट होतात आणि मूळ नादांत नसलेले उपस्वर त्यांत मिसळतात. शास्त्रज्ञांच्या लेखीं हा दोष. वादकांना मात्र तो स्वर भरदार व मनुष्यकंठासारखा लांबणारा वाटला. १९६६ सालीं लंडनच्या डेक्का स्टुडिओंत एरिक क्लॅप्टन यानें मार्शल ध्वनिवर्धक असाच मोठ्यानें वाजविला. आवाज कमी करावयास तो तयार होईना. तंत्रज्ञांची तारांबळ उडाली, पण पुढील पिढीस तोच स्वर हवासा झाला.

गोडी व गोंगाट यांची गांठ अशी पक्की बसली. मग दोन खोल्यांच्या बिऱ्हाडांत, शेजारचें मूल निजलें असतां, शिकणाऱ्यानें काय करावें? आवाज उतरविला तर स्वर निर्जीव. चढविला तर भिंतीवर थाप!

ही गांठ सोडविण्यांत टॉम शोल्झ या अमेरिकन वादकाचा वांटा मोठा. हा मूळचा यंत्रशास्त्राचा पदवीधर. १९७६ सालच्या आपल्या प्रसिद्ध ध्वनिमुद्रिकेचा बराच भाग त्यानें घराच्या तळघरांत तयार केला होता. १९८२ सालीं त्यानें ‘रॉकमन’ ही कमरेला अडकविण्याजोगी पेटी काढली. हेडफोन कानांस लावावा. स्वर भरलेला, खोली शांत. परंतु तिच्यांत स्वरांचे प्रकार मोजकेच होते.

पुढचें काम गणितानें केलें. कॅलिफोर्नियांतील ‘लाइन सिक्स’ कंपनीची ‘पॉड’ ही पेटी १९९८ सालीं निघाली. २००२ सालीं इटलींतील ‘आयके मल्टिमीडिया’नें ‘अँप्लिट्यूब’ ही संगणकावर चालणारी प्रणाली आणली. अशा प्रणालींत तारेचें कंपन सेकंदास चव्वेचाळीस हजारांहून अधिक वेळां मोजतात आणि तप्त नळीनें जें केलें असतें तें प्रत्येक आंकड्यावर करतात. लाऊडस्पीकरच्या लांकडी पेटीचा गुणही मिसळावा लागतो, नाहीं तर गांधीलमाशीची गुणगुण तेवढी ऐकूं येते. या हिशेबास किंचित् वेळ लागतो. पण दहा सहस्रांश सेकंदांचा विलंब म्हणजे लाऊडस्पीकरपासून साडेतीन मीटरांवर बसण्यासारखेंच.

जुने वादक कुरकुरतात, व ती कुरकुर अगदींच पोकळ नाहीं. मोठ्या लाऊडस्पीकरचा ध्वनि हवेंतून परत तारांवर आदळतो आणि बोट न हलवितां स्वर टिकून राहतो. हेडफोनमधून हें सहसा साधत नाहीं. तेवढ्यापुरतें वादकास आजही, शेजारी गांवाला गेल्याची खात्री करून, दार लावून घ्यावें लागतें.