आघात गेला, स्वर राहिला

फ्रेंच क्रियापदांचे तक्ते घोकताना मला एक प्रश्न सतत छळायचा. 'मी मरतो' म्हणताना 'मर', पण 'आम्ही मरतो' म्हणताना 'मुरों'. (आपलं मरणंही त्याच कुळातलं, पण तो विषय वेगळा.) प्रत्यय बदलला तर बदलू दे, मधला स्वर का हलतो? पुस्तकात उत्तर एकच: अनियमित, पाठ करा.

खरं उत्तर लॅटिनमध्ये आहे. तिथे आघात शेवटून दुसऱ्या अक्षरावर. ते हलकं असेल तर त्याच्याही आधीच्यावर. प्रत्यय लांबला की अक्षरं वाढतात आणि आघात धातूवरून पुढे सरकतो. 'मी प्रेम करतो' म्हणजे आ-मो, जोर पहिल्या अक्षरावर. 'आम्ही प्रेम करतो' म्हणजे आ-मा-मुस, जोर मधल्यावर. जोराखालचा स्वर पुढच्या शतकांत ताणला गेला, पालटला; बिनजोराचा तसाच राहिला किंवा गळाला. म्हणून जुन्या फ्रेंचमध्ये 'ऐम', पण 'आमों'. बोलण्याच्या क्रियापदाची तर कमालच! पा-रा-बो-लो पासून 'पारोल' आणि पा-रा-बो-ला-मुस पासून 'पार्लों'. ही सख्खी भावंडं आहेत हे सांगूनही पटत नाही. आपण 'मीठ' म्हणतो आणि 'मिठाचा' म्हणताना ई आखडती घेतो, तसंच काहीसं.

पुढे बोलणाऱ्यांनीच साफसफाई केली. मरणं, येणं, धरणं वाचली, कारण रोज तोंडात असलेलं रूप सहसा मोडत नाही. बाकीची बरीचशी एका साच्यात गेली, तीही सावकाश. 'सापडणे'चं रूप 'त्रव' की 'त्रुव', हा घोळ सतराव्या शतकातही चालू होता. १६४७ साली व्याकरणकार वोझला यांनी दोन्ही चालतील, पण 'त्रुव'वालं कितीतरी चांगलं, असा निर्वाळा दिला. तरी १६६६ च्या 'मिझांत्रोप'मध्ये मोलिएरने 'त्रव'च घातलं. त्याला 'वव', म्हणजे विधवा, या शब्दाशी यमक जुळवायचं होतं! मला हा मोलिएर फार आवडतो.

आज फ्रेंचमध्ये शब्दाला स्वतःचा असा आघात उरलेला नाही. तो बोलण्यातल्या शब्दगटाच्या शेवटच्या अक्षरावर पडतो. अक्षरं पाडण्याची कटकट मात्र आहेच. 'मी नमतं घेईन' हे लिहिताना से-द-रे, पण मधला मुका स्वर गळून ऐकू येतं सेद-रे. पहिलं अक्षर बंद झालं, त्याचा 'ए' उघडा झाला. म्हणून १९९० च्या लेखनसुधारणेत त्यावरचं चिन्ह उलट्या दिशेने कलवलं. जुनं चिन्हही चालतं, आणि अनेकजण अजून तेच देतात.